रॅम रिकामी असते, तरी सॉफ्टवेअर जागा नाही म्हणून बंद पडतं.. मेमरीची ‘पानं’ पाडणाऱ्या टॉम किलबर्नची गोष्ट

सर्व्हरमध्ये ६४ जीबी रॅम आहे. त्यातली निम्मी मोकळी दिसतेय. पण डेटाबेस चालू करायला जावं तर तो काही सेकंदांत मान टाकतो आणि जाताना लॉगमध्ये एक ओळ सोडतो. ओळीचा अर्थ एवढाच की मोठ्या पानांसाठी मेमरी मिळाली नाही.

आयटीत काम करणाऱ्या अनेकांनी ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. जागा तर ढीगभर आहे, मग हा रडतोय कशाला?

याचं उत्तर समजून घ्यायचं तर मेमरीला ‘पानं’ असतात हे आधी समजून घ्यावं लागतं. आणि ती पानं कुणी पाडली हे शोधायला गेलं की आपण पोहोचतो इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, एका अबोल माणसाकडे. त्याचं नाव टॉम किलबर्न. ॲलन ट्युरिंगवर सिनेमे निघाले, त्याच्याच विद्यापीठात काम करणाऱ्या किलबर्नचं नाव मात्र कॉम्प्युटरच्या जगाबाहेर फारसं कुणी घेत नाही. खरं तर आज हातातल्या मोबाईलमध्ये एकाच वेळी पंधरा ॲप उघडी राहतात, त्यामागे या माणसाचा हात आहे.

किलबर्नचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा. गाव ड्यूझबरी, यॉर्कशायरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. वडील कारकुनी करायचे. पोराचं डोकं गणितात चालतंय हे शाळेच्या लवकर लक्षात आलं आणि चौदाव्या वर्षापासून पठ्ठ्या जवळपास गणितच करत राहिला. १९४० साली तो केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गेला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, त्यामुळे अभ्यासक्रम आटोपता घेतलेला. १९४२ साली पदवी हातात पडली आणि लगेच सरकारी बोलावणं आलं.

तेव्हा ब्रिटनला रडारवर काम करणारी माणसं हवी होती. गणितातल्या या पोराला वीज, चुंबकत्व आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक झटपट कोर्स करायला लावला आणि थेट माल्व्हर्नच्या टेलिकम्युनिकेशन्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंटमध्ये पाठवून दिलं. तिथे त्याचे साहेब होते फ्रेडी विल्यम्स. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बाबतीत या माणसाचा हात धरणारा तेव्हा देशात क्वचितच कुणी असेल. विल्यम्सनी अनुभवी माणूस मागितला होता, आणि समोर उभा राहिला सोल्डरिंगचा गंध नसलेला २१ वर्षांचा गणिती. ते काही खूश झाले नाहीत. पण युद्ध संपेपर्यंत चित्र पालटलं होतं. विल्यम्स कल्पना लढवायचे आणि किलबर्न ती चालवून दाखवायचा, अशी जोडी जमली. मधल्या काळात, १९४३ साली, त्याचं आयरीन मार्सडेनशी लग्नही झालं.

युद्ध संपलं आणि सगळ्या हुशार लोकांना एकाच गोष्टीने पछाडलं. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवायचा. गणित करणारी सर्किट बनवता येत होती. अडत होतं ते मेमरीपाशी. आकडे आणि सूचना ठेवायच्या कुठे? अमेरिकेतल्या अवाढव्य एनिॲकला नवीन काम द्यायचं तर तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. सूचनाही आकड्यांसारख्या मेमरीतच ठेवल्या तर हा खटाटोप संपेल हे सगळ्यांना कळत होतं, पण त्यासाठी लागणारी वेगवान मेमरी कुणाकडेच नव्हती.

विल्यम्सनी त्यासाठी रडारची पिक्चर ट्यूब हातात घेतली. जुन्या टीव्हीत असायची तशीच काचेची नळी. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की त्या ठिकाणी विद्युतभाराचा एक ठिपका तयार होतो. ठिपका एका प्रकारचा असेल तर शून्य, दुसऱ्या प्रकारचा असेल तर एक. अडचण अशी की हा ठिपका सेकंदाच्या काही अंशातच विरून जातो. मग उपाय काय? विरायच्या आत वाचायचा आणि पुन्हा लिहायचा. परत वाचायचा, परत लिहायचा. अखंड. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण आजच्या रॅमची चिपसुद्धा हेच करते. तिच्यातला भारही गळतो आणि तोही सेकंदाला अनेकदा नव्याने भरावा लागतो.

१९४६ च्या शेवटी विल्यम्स प्राध्यापक म्हणून मँचेस्टर विद्यापीठात गेले, तेव्हा एका नळीवर जेमतेम एक बिट टिकत होता. सरकारी संस्थेने किलबर्नला त्यांच्यासोबत धाडलं. वर्षभर तो त्या नळीच्या मागे लागला. १९४७ संपेपर्यंत एकाच नळीवर २,०४८ बिट तासन्‌तास टिकायला लागले होते.

आता शंका अशी होती की हे बिट नुसते बसून राहतात ते ठीक, पण कॉम्प्युटर त्यांना भराभर वाचायला-खोडायला लागला तर टिकतील का? तपासायचं तर कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटर तर कुणाकडेच नाही. मग किलबर्न आणि त्याचा जोडीदार जेफ टूटिल यांनी ठरवलं की चाचणीपुरता एक छोटासा आपणच बनवू. यंत्राचं नाव पडलं ‘बेबी’. हे बाळ ५ मीटरहून लांब होतं आणि वजन होतं टनाच्या आसपास. म्हणजे मेमरीत प्रोग्राम ठेवून चालवणारा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर हा मेमरी नीट चालतेय का हे बघायला बनवलेला होता. घोड्यासाठी नाल की नालेसाठी घोडा, तसला प्रकार.

२१ जून १९४८. त्या दिवशी बेबीवर पहिला प्रोग्राम यशस्वी झाला. तो लिहिला होता किलबर्नने, १७ सूचनांचा. काम असं की दिलेल्या संख्येला भाग जाणारी, तिच्याखालची सर्वांत मोठी संख्या शोधायची. बेबीला भागाकार येत नव्हता, गुणाकार नाही, बेरीजसुद्धा नाही. फक्त वजाबाकी. त्यामुळे एकेक संख्या घेऊन वजा करत बसायचं. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४ ही संख्या दिली तेव्हा बेबी ५२ मिनिटं राबली, सुमारे ३५ लाख सूचना पार पाडल्या आणि बरोबर उत्तर दिलं, १,३१,०७२. उत्तर कुणालाही तोंडी सांगता आलं असतं. मुद्दा तो नव्हताच. ५२ मिनिटांत नळीवरचा एकही बिट चुकला नव्हता.

हा २,६२,१४४ आकडा लक्षात राहू द्या. पुढे लागणार आहे.

बेबीची मेमरी होती ३२ ओळींची, प्रत्येक ओळीत ३२ बिट. एवढ्यात काही खरं काम होणार नाही हे उघड होतं. म्हणून पुढच्या वर्षी तयार झालेल्या मँचेस्टर मार्क १ ला आणखी नळ्या आणि जोडीला फिरणारा चुंबकीय ड्रम दिला गेला. ड्रमवर भरपूर मावायचं, पण तिथून माहिती यायला नळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागायचा. नळीवरच्या मजकुराच्या ठरावीक तुकड्याला पान म्हणायची रीत इथेच पडली. ट्युरिंग १९४८ साली मँचेस्टरला आला होता आणि या यंत्रांवर प्रोग्राम कसे लिहावेत याचं पुस्तक त्यानेच तयार केलं. फेरांटी कंपनीने याच यंत्राची सुधारित आवृत्ती बनवून फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात आणून ठेवली. बाजारात विकायला बनवलेला तो जगातला पहिला सर्वसाधारण कामाचा कॉम्प्युटर मानला जातो. अमेरिकेचा युनिव्हॅक त्यानंतर काही आठवड्यांनी ग्राहकाच्या ताब्यात गेला. नळीच्या मेमरीचा परवाना घेणाऱ्यांत खुद्द आयबीएम होती. तिच्या ७०१ या यंत्रात मँचेस्टरच्याच पद्धतीच्या नळ्या होत्या.

विल्यम्स यानंतर आपल्या आवडत्या विद्युत यंत्रांकडे वळले. कॉम्प्युटरची सगळी जबाबदारी तिशीतल्या किलबर्नवर आली.

आणि इथून त्याच्या आयुष्यातला खरा झगडा सुरू होतो.

स्वयंपाकघरात ओटा असतो आणि माळा असतो. ओट्यावरची वस्तू हात पुढे केला की मिळते, पण ओटा छोटा. माळ्यावर कितीही ठेवा, पण काढायचं म्हणजे स्टूल आणा, चढा, उतरा. तेव्हाचा कॉम्प्युटर असाच होता. छोटी, महाग, वेगवान मेमरी म्हणजे ओटा आणि ड्रम म्हणजे माळा. कुठली वस्तू कधी माळ्यावरून काढायची आणि तिच्यासाठी ओट्यावरची कुठली वर टाकायची, हे सगळं प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवायचं. हवामानाचं गणित करायला बसलेल्या शास्त्रज्ञाचा निम्मा जीव या उचल-ठेवीत जायचा. एक ठिकाण चुकलं की चालू प्रोग्रामवर दुसरंच काहीतरी येऊन बसायचं आणि सगळं मुसळ केरात.

मँचेस्टरच्याच टोनी ब्रूकरने १९५४ मध्ये मार्क १ साठी ऑटोकोड नावाची सोपी भाषा बनवली. तिच्यात ही उचल-ठेव वापरणाऱ्यापासून लपवलेली होती. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण ही किमया सॉफ्टवेअरची होती, त्यामुळे प्रोग्राम बराच हळू चालायचा. सोय पाहिजे तर वेग सोडा, वेग पाहिजे तर हाल सोसा. किलबर्नला दोन्ही हवं होतं.

१९५६ च्या आसपास त्याने नव्या यंत्राचं काम हाती घेतलं. नाव ठेवलं म्यूझ. एका सूचनेला साधारण एक मायक्रोसेकंद, हे उद्दिष्ट. तेव्हाच्या ब्रिटिश यंत्रांच्या मानाने ही झेप प्रचंड होती. अमेरिकेत आयबीएम स्ट्रेच नावाचं अजस्र यंत्र बनवत होती आणि ब्रिटनमध्ये अशा यंत्राला पैसा कुणी द्यायचा यावर बैठकांवर बैठका झडत होत्या. किलबर्न बैठकांत रमणारा माणूस नव्हता. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरने मिळवलेली कमाई एका निधीत साठली होती, त्यातून त्याने काम सुरूही केलं. फेरांटी कंपनी १९५९ साली सामील झाली आणि म्यूझचं नाव झालं ॲटलास.

ॲटलासची मुख्य मेमरी चुंबकीय मण्यांची होती. १६,३८४ शब्द, प्रत्येक शब्द ४८ बिटांचा. आजच्या मापात ९६ केबी. देशातलं सर्वांत शक्तिशाली यंत्र आणि आज त्यात मोबाईलवर काढलेला एक फोटो मावणार नाही. जोडीला ड्रमवर ९८,३०४ शब्द. ओटा आणि माळा पुन्हा आलाच.

पण या वेळी किलबर्न, डेव्हिड एडवर्ड्स, मायकेल लॅनिगन आणि फ्रँक समनर यांनी वेगळाच डाव टाकला. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगून टाकलं की तुला दहा लाखांहून जास्त शब्दांची एकसंध मेमरी आहे असं समज आणि खुशाल लिही. एवढी मेमरी प्रत्यक्षात कुठेच नव्हती. ती भासवण्याची जबाबदारी यंत्राची.

हे जमवलं कसं, तर सगळी मेमरी ५१२ शब्दांच्या सारख्या पानांत कापली. मुख्य मेमरीत अशी बरोबर ३२ पानं बसत होती. प्रत्येक जागेपाशी एक छोटं रजिस्टर, त्यात इथे सध्या प्रोग्रामचं कितवं पान आहे हा आकडा. प्रोग्रामने एखादा पत्ता मागितला की बत्तीसच्या बत्तीस रजिस्टर एकाच वेळी आपला आकडा ताडून बघणार. कुणाचा जुळला तर काम पुढे. कुणाचाच नाही जुळला तर प्रोग्राम थांबवायचा, ड्रमवरून ते पान आणायचं, मिळेल त्या जागी ठेवायचं, रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहायचा आणि प्रोग्राम जिथे थांबला तिथून चालू करायचा. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

यातली मेख ‘मिळेल त्या जागी’ या शब्दांत आहे. सगळी पानं सारख्या मापाची, म्हणून कुठलंही पान कुठल्याही रिकाम्या जागी बसतं. पहिलं पान विसाव्या जागी आणि दुसरं पान तिसऱ्या जागी असलं तरी बिघडत नाही, कारण कोण कुठे आहे हे रजिस्टर जाणतात. सलग जागा शोधत फिरायची गरजच उरली नाही.

ओट्यावर जागा करायला खाली कुणाला उतरवायचं, हा पुढचा पेच. ॲटलास दर १,०२४ सूचनांनंतर कुठल्या पानाला हात लागला याची नोंद घ्यायचा. एखादं पान मागच्या वेळी जितका काळ पडून होतं त्यापेक्षा जास्त काळ आता पडून असेल, तर त्याचं काम संपलं असा अंदाज करून ते ड्रमवर धाडायचं. या छोट्या प्रोग्रामला त्यांनी शिकणारा प्रोग्राम म्हटलं होतं. १९६२ साली! शिवाय आणखी एक शहाणपण केलेलं होतं. मुख्य मेमरीत एक जागा कायम रिकामी राखलेली असायची. नवं पान मागितलं की ते लगेच त्या जागी यायला सुरुवात, आणि ते येत असताना मागे सावकाश ठरवायचं की आता कुणाला हलवून पुन्हा एक जागा रिकामी करायची. गरज पडल्यावर जागा शोधायची नाही, आधीच राखून ठेवायची.

बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी १९५६ च्या सुमारास आपल्या प्रबंधात अशीच कल्पना मांडली होती, हेही सांगायला हवं. पण ती कागदावर राहिली. चालणाऱ्या यंत्रात ती उतरवली मँचेस्टरने.

७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या हस्ते ॲटलासचं उद्घाटन झालं. अनेक प्रोग्राम एकाच वेळी सांभाळणारा त्याचा सुपरव्हायझर हा प्रोग्राम आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या नमुन्यांपैकी एक. ॲटलास बंद पडला की ब्रिटनची निम्मी गणनशक्ती जाते असं तेव्हा म्हटलं जायचं.

आता परत त्या अडलेल्या डेटाबेसकडे येऊ, कारण त्याची अडचण नेमकी इथे सुटते.

ॲटलासला ३२ पानं होती, म्हणून ३२ रजिस्टर पुरली. आज साधं पान ४ केबीचं असतं. १ जीबी रॅममध्ये अशी किती पानं होतात? २,६२,१४४. होय, बेबीने ५२ मिनिटं दळलेला तोच आकडा. योगायोग आहे, पण गमतीशीर आहे. ६४ जीबी म्हणजे दीड कोटीहून जास्त पानं. एवढी रजिस्टर प्रोसेसरमध्ये ठेवणं शक्य नाही. म्हणून कुठलं पान कुठे आहे याचा तक्ता रॅममध्येच ठेवतात आणि प्रोसेसरपाशी फक्त नुकत्याच लागलेल्या नोंदींची छोटी वही असते. टीएलबी म्हणतात तिला. ॲटलासच्या रजिस्टरांचीच ती नात. वहीत नोंद सापडली तर ठीक, नाही तर तक्ता चाळत बसा. मोठा डेटाबेस इतक्या पानांवर फिरतो की वही सारखी अपुरी पडते.

उपाय म्हणून मोठी पानं आली. ४ केबीऐवजी २ एमबीचं एक पान. मग १ जीबीला फक्त ५१२ नोंदी. वही पुरते, वेग वाढतो. पण २ एमबीच्या एका पानाला २ एमबीची सलग जागा लागते, खरोखरच्या रॅममध्ये, आणि तीही ठरावीक सीमेवर सुरू होणारी. म्हणजे जी कटकट किलबर्नने संपवली होती, ती आपण वेगासाठी मागच्या दाराने परत आत घेतली.

रेल्वेच्या डब्यात ३० जागा मोकळ्या आहेत, पण सगळ्या सुट्या सुट्या. एकेकट्या प्रवाशाला काहीच अडचण नाही. बारा जणांच्या कुटुंबाला मात्र ओळीने बारा जागा हव्यात, त्या कुठेच नाहीत. मशीन बरेच दिवस चालू असलं की रॅमची हीच गत होते. इकडे दोन पानं भरलेली, तिकडे पाच मोकळी. बेरीज केली तर जागा बक्कळ, सलग मात्र नाही. म्हणून तो डेटाबेस रडत होता आणि खोटंही बोलत नव्हता.

मग दुरुस्ती काय? कुटुंबाने जे करावं तेच. आधीच आरक्षण. मशीन बूट होत असताना रॅम अजून कोरी असते, तेव्हाच मोठी पानं बाजूला काढून ठेवायची. लिनक्समध्ये किती मोठी पानं राखायची हा आकडा सेटिंगमध्ये किंवा थेट बूटच्या ओळीत देता येतो. १ जीबीची अवाढव्य पानं हवी असतील तर बूटच्या वेळीच मागितलेली बरी, नंतर मिळण्याची आशा फार कमी. आकडा काढताना डेटाबेसला लागणारी सामायिक मेमरी भागिले २ एमबी, वर थोडी जास्तीची, असा सरळ हिशेब. हावरेपणा करून सगळी रॅम राखली तर ती बाकी कुणालाच वापरता येत नाही आणि मग मशीनच गुदमरतं.

दुसरं कारण परवानगीचं असतं, आणि ते लोक हमखास विसरतात. मोठी पानं रॅममध्ये खिळवून ठेवलेली असतात, ती डिस्कवर हलवता येत नाहीत. त्यामुळे ऐऱ्यागैऱ्याला ती मिळत नाहीत. विंडोजमध्ये ज्या खात्यावर सॉफ्टवेअर चालतं त्याला मेमरीत पानं कुलूपबंद करण्याचा हक्क द्यावा लागतो. लिनक्समध्ये अनेक सॉफ्टवेअरसाठी त्या युजरची कुलूपबंद मेमरीची मर्यादा वाढवावी लागते. हक्क दिल्यावर पुन्हा लॉगिन करायचं किंवा ती सर्व्हिस पुन्हा चालू करायची, नाहीतर सेटिंग बदलूनही तीच ओळ परत दिसते आणि माणूस रात्रभर भलतीकडेच शोधत बसतो.

मशीन लगेच रिस्टार्ट करता येत नसेल तर लिनक्सच्या कर्नलला विखुरलेली पानं सरकवून सलग जागा करायला सांगता येतं. कधी जमतं, कधी नाही. काहीच नाही जमलं तर मोठ्या पानांचा हट्ट सोडायचा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ही सेटिंग ‘ऑन’ असेल तर मोठी पानं न मिळाल्यास तो चालूच होत नाही, ‘ट्राय’ असेल तर साध्या पानांवर निमूट चालू होतो. जावाही मोठी पानं नाही मिळाली तर इशारा देऊन साध्या पानांवर पुढे जातं. वेग थोडा कमी, पण दुकान उघडं राहतं. पहाटे तीन वाजता सर्व्हर पडलेला असताना हा पर्याय काही वाईट नाही.

ॲटलासचं पुढे काय झालं? तंत्र जिंकलं, धंदा हरला. एका यंत्राची किंमत काही दशलक्ष पौंड. मूळ ॲटलास फक्त तीन ठिकाणी बसले, मँचेस्टर, लंडन विद्यापीठ आणि चिल्टन. फेरांटीने १९६३ सालीच आपला मोठ्या कॉम्प्युटरचा व्यवसाय विकून टाकला.

कल्पनेवरही शंका घेतल्या गेल्या. साठच्या दशकात इतरांनी तिची नक्कल केली तेव्हा काही यंत्रं पानं आणण्यात आणि नेण्यातच इतकी गुंतायची की खरं काम ठप्प. यंत्राच्या भरवशावर मेमरी सोडणं म्हणजे आळशीपणा, हाताने केलेलीच मांडणी चांगली, असं म्हणणारे कमी नव्हते. पीटर डेनिंगने १९६८ मध्ये ही कोंडी का होते आणि कशी टाळायची हे उलगडलं. पुढच्या वर्षी आयबीएमच्या डेव्हिड सेअर यांनी दाखवलं की यंत्राने केलेली पानांची मांडणी माणसाच्या हातच्या मांडणीच्या तोडीस तोड असते. १९७२ मध्ये आयबीएमने आपल्या ३७० मालिकेत हे तंत्र आणलं. १९८५ मध्ये इंटेलची ३८६ चिप ४ केबीची पानं घेऊन आली आणि मँचेस्टरची युक्ती टेबलावरच्या पीसीत पोहोचली.

किलबर्न तोवर पुढच्या कामाला लागलेला होता. १९६४ साली मँचेस्टरमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, त्याचा पहिला प्रमुख तोच. पुढच्याच वर्षी देशातला या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम तिथे सुरू झाला आणि त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पाचवं आणि शेवटचं मोठं यंत्र एमयू५. त्यातल्या कल्पना ब्रिटनच्या आयसीएल कंपनीच्या २९०० मालिकेत उतरल्या. मूळचा ॲटलास १९७१ साली बंद करण्यात आला होता.

इतकं करूनही माणूस प्रसिद्धीपासून लांब. बोलणं मोजकं, यॉर्कशायरच्या लोकांबद्दल सांगतात तसं. कुटुंबाला घेऊन ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर सुट्टीला जायचं, पण मँचेस्टर युनायटेडची मॅच असेल त्याआधी परत यायचं, ही त्याची चैन. १९८१ साली तो निवृत्त झाला. त्याच वर्षी आयरीन गेली.

मान-सन्मान आले ते बहुतेक उशिरा. १९७८ मध्ये रॉयल मेडल, १९८३ मध्ये संगणक रचनेतला मानाचा एकर्ट-मॉकली पुरस्कार. १९९८ साली बेबीला ५० वर्षं झाली तेव्हा मँचेस्टरमध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली होती. मूळ यंत्र कधीच मोडीत निघालेलं, त्यामुळे जुने फोटो आणि टिपणं जमवून, जुने व्हॉल्व्ह शोधून ती बांधली. २१ जूनला ती चालवायची वेळ आली तेव्हा ७६ वर्षांचा किलबर्न आणि टूटिल दोघंही तिथे हजर होते. हिरव्या पडद्यावर ठिपके पुन्हा उमटले.

१७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्ये त्याचं निधन झालं. विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या इमारतीला आज किलबर्न बिल्डिंग म्हणतात. बेबीची प्रतिकृती शहरातल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे.